शेजारच्या दाराचं पॅड

मी दाराच्या आतल्या बाजूनं बोलतोय. बाहेरच्या बाजूला पत्रा असतो. त्याला रंग असतो, त्याला सुट्टीच्या दिवशी पाणी आणि फडकं मिळतं, आणि त्याच्यावर ओरखडा उठला की घरात कुणी धड जेवत नाही. माझ्यावर ओरखडा उठला तर ते कुणाच्या गावीही नसतं. गॅरेजवाले मला पॅड म्हणतात. घरची माणसं मला काहीच म्हणत नाहीत. ती 'दार लाव' म्हणतात, त्यात मी आलो. गाडी जुनी आहे, करडी आहे, आणि चालवणाऱ्याच्या शेजारी जो बसतो त्याच्या बाजूच्या दाराला मी आहे.

माझा जन्म काही थोर नाही. लाकडाचा भुसा दाबून केलेला एक पातळ तक्ता, त्यावर अर्ध्या बोटाचा स्पंज, वर करडं रेक्झिन. कारखान्यात एका बाईनं माझ्या पाठीवरच्या भोकांत आठ प्लास्टिकच्या क्लिपा बसवल्या. बसवताना ती शेजारणीला आपल्या नणंदेबद्दल सांगत होती. सात क्लिपा साधारण बसल्या. आठवीच्या वेळी नणंदेनं लग्नातली साडी परत मागितल्याचा भाग आला, त्यामुळे ती क्लिप जी बसली ती आजतागायत हललेली नाही. पुढे एका माणसानं मला दारावर टेकवलं, आठ ठिकाणी मूठ मारली, चार स्क्रू आवळले आणि तो दुसऱ्या दाराकडे वळला.

एवढ्या वर्षांत माणसांबद्दल मला एक गोष्ट कळली आहे. शेजारच्या सीटवरचं माणूस माझ्याकडे सहसा बघत नाही. मात्र चालवणाऱ्याशी त्याचं भांडण झालं की खिडकीतून बाहेर बघून कंटाळा येतो, मग नजर खाली घसरते आणि माझ्यावर येऊन थांबते. पहिले मालक वकील होते, त्यांच्याकडे असताना माझ्याकडे फार बघितलं गेलं. त्यांनी माझ्यावरचं कारखान्यातलं प्लास्टिक दोन वर्षं काढू दिलं नाही. बायको म्हणायची, घाम येतो, चिकटतं, काढा ते. ते म्हणायचे, विकताना किंमत येते. शेवटी गाडी विकली तेव्हा ते प्लास्टिक फाटलेलं होतं.

मग मी मापकाकांकडे आलो. हे त्यांचं खरं नाव नव्हे. पंप बनवायच्या कारखान्यात ते चौतीस वर्षं जोडारी होते, म्हणजे यंत्राचे भाग मापात आणून एकमेकांत बसवायचं काम. ती सवय त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की चहा पुढे आला तरी ते "बोटभर कमी आहे" म्हणत. गल्लीनं नाव ठेवलं, ते नाव त्यांना आवडलं, आणि विषय मिटला.

त्यांची काम करायची एक पद्धत होती. काहीही उघडायचं असलं, इस्त्री असो, पंखा असो, शिलाई मशीन असो, की आधी पुठ्ठा घ्यायचा. समोर उभं राहून त्या वस्तूचा आकार पुठ्ठ्यावर काढायचा, एका कोपऱ्यात 'पुढून' असं लिहायचं, आणि मग एकेक स्क्रू निघेल तसा पुठ्ठ्यावर त्याच जागी टोचून ठेवायचा. परत लावताना डोकं चालवायची गरज नाही, पुठ्ठा सांगतो. "स्क्रू उरला तर समजावं माणूस घाईत होता," ते म्हणायचे. त्यांच्या हातून स्क्रू कधी उरला नाही.

मी खिळखिळा झालो तो त्यांच्या हातून नव्हे. चार वर्षांपूर्वी, काकू गेल्या त्याच वर्षी, खिडकीची काच वर जाईना म्हणून गाडी एका काचवाल्याकडे दिली होती. मापकाकांचं तेव्हा कशातच लक्ष नव्हतं. त्या काचवाल्याला घाई होती. माझ्या हँडलच्या आत, एका छोट्या टोपणाखाली, सगळ्यात लांब स्क्रू असतो. तो काढल्याशिवाय मी निघत नाही. काचवाल्यानं टोपण बघितलंच नाही, सरळ पेचकस घातला आणि ओढलं. तीन क्लिपा तुटल्या. माझ्या पाठीमागे पाणी अडवायला प्लास्टिकचा कागद असतो, तोही फाटला. त्यानं तुटलेल्या जागी सरस फासला आणि "एकदम ओके" म्हणून मला दाबून धरलं. सरस दीड वर्षात सुटला. काचेवरून आत ओघळणारं पाणी थेट माझ्या पाठीवर यायला लागलं, भुशाचा तक्ता फुगला, भोकं मोठी झाली आणि उरलेल्या क्लिपाही हलायला लागल्या. खड्डा आला की मी खडखडायचो. आठवी तेवढी जागेवर होती.

घरात तोपर्यंत दोनच माणसं राहिली होती, मापकाका आणि त्यांची लेक. लेक दातांच्या कवळ्या बनवायचं काम करते. दवाखान्यांतून तिच्याकडे तोंडांचे साचे येतात, त्यावरून ती दात घडवते. तिला गाडी चालवता येते, पण बाबा चालवत असताना चालवायचा प्रश्नच नव्हता. ती माझ्या बाजूला बसायची आणि दवाखान्यांत पोचवायच्या कवळ्यांचा डबा मांडीवर धरायची. तिचा मोठा भाऊ दुसऱ्या शहरात असतो. तो दर दोन दिवसांनी फोन करतो आणि उंटावरून शेळ्या हाकतो.

यंदा एका सकाळी मापकाका दवाखान्यासमोरून गाडी मागे घ्यायला गेले आणि गाडी पुढे गेली. दारातल्या चार कुंड्या आडव्या झाल्या. माणूस कुणी नव्हतं, केवळ म्हणून निभावलं. मापकाका म्हणाले, मी रिव्हर्सच टाकला होता, गिअरमध्ये दोष आहे. मी तिथेच होतो. रिव्हर्स टाकला नव्हता. त्यांनी गिअरबॉक्स उघडून तपासायला लावला. मेकॅनिकनं दोन दिवसांनी हात पुसत सांगितलं की काका, गिअरला काही झालेलं नाही, आणि ते पैसे द्यायला आत गेल्यावर आपल्या माणसाला म्हणाला, नाचता येईना अंगण वाकडं.

त्या संध्याकाळी लेक चालत्या गाडीत भावाशी फोनवर बोलत होती. मापकाका भाजी घ्यायला उतरले, तेव्हा भाऊ म्हणाला, "किल्ली काढून घे. आजच घे."

"मी कशी घेऊ, दादा? तू ये आणि तू घे."

"मला सुट्टी मिळत नाही."

"मग मी बघते माझं मी."

तिनं फोन ठेवला आणि ती माझ्याकडे बघत बसली. भांडण नसताना कुणी माझ्याकडे इतका वेळ बघितल्याचं मला आठवत नाही.

मापकाका पिशवी घेऊन परत आले. गाडी सुरू केली, पण हलवली नाही. "दादाचा फोन होता ना?" त्यांनी विचारलं. "काय म्हणाला?"

लेकीला खोटं बोलता येत नाही, हा तिचा जुना दोष आहे. "तुमची गाडी बंद करा म्हणाला."

"तुझं काय म्हणणं आहे?"

"मला ठरवता येत नाही, बाबा. त्या दिवशी कुंड्यांच्या जागी कुणी उभं असतं तर?"

मापकाका थोडा वेळ स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिले. मग म्हणाले, "हे दार किती दिवस खडखडतंय?"

"दोन वर्षं झाली असतील."

"शनिवारी हे पॅड मी काढतो. दुरुस्त करतो, रविवारी परत लावतो. तू नुसतं बघायचं. पॅडला हात लावायचा नाही. नीट बसलं तर गाडी मी चालवणार, आणि दादाला तू सांगायचं. नाही बसलं तर किल्ली तुझी."

"असं काय, बाबा. परीक्षा आहे का?"

"परीक्षाच आहे. तुला ठरवता येत नाही ना, मग पॅड ठरवेल."

मला कुणी विचारलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर काही ठरणार होतं, आणि खरं सांगतो, मला ते नको होतं.

शनिवारी सकाळी चहा झाल्यावर ते दारापाशी स्टूल घेऊन बसले. लेक पायरीवर बसली. त्यांनी पहिला हात घातला तो हँडलमधल्या टोपणाला. नखानं टोपण उचललं आणि लांब स्क्रू काढला. मग हात टेकायच्या दांडीचे दोन. मग वरच्या पुढच्या कोपऱ्यातला, आरशाजवळचा, सगळ्यात आखूड. लेकीचा चेहरा जरा सैल झाला. काचवाल्याला जे आठवलं नाही ते त्यांना आठवलं होतं. पण पुठ्ठा अजून घरात टेबलावरच होता. आणायला उठले असते तर काम मोडलं असतं, म्हणून त्यांनी चारही स्क्रू खिशात टाकले. चपट्या चिमट्यानं माझ्या एकेका क्लिपेखाली जाऊन मला अलगद सोडवलं. आठवीपाशी त्यांना घाम फुटला. "हिला कुणी बसवलंय देव जाणे," ते म्हणाले.

मला घरात नेऊन जेवायच्या टेबलावर पालथं घातलं. दुरुस्ती पाठीचीच होती, त्यामुळे पालथं घालणं बरोबर होतं. मग त्यांना पुठ्ठ्याची आठवण झाली. पुठ्ठा माझ्याखाली सरकवून त्यांनी माझ्या कडेनं पेन्सिल फिरवली, मला उचलून बाजूला पालथंच ठेवलं, आणि भोकं बघून बघून खिशातले चार स्क्रू पुठ्ठ्यावर टोचले. 'पुढून' हा शब्द त्या दिवशी लिहिला गेला नाही. लिहिला असता तरी खोटा ठरला असता, कारण पुठ्ठ्यावर माझी पाठ उतरली होती.

बाकी काम मात्र असं केलं की मी नाव ठेवू शकत नाही. फुगलेली कड त्यांनी पट्टीनं दाबून सपाट केली. फाटलेल्या भोकांवर पातळ प्लायचे तुकडे कापून चिकटवले, त्यांना नवी भोकं पाडली, आणि प्रत्येक भोक कानशीनं इतकं हळू घासलं की क्लिप टक करून बसावी. प्लास्टिकचा नवा कागद कापला. लेक ते बघत होती. मला वाटतं दुपारपर्यंत तिनं मनात निकाल देऊन टाकला होता, आणि तो बाबांच्या बाजूनं होता.

चिकटवलेलं वाळायला रात्र दिली. रविवारी नऊ वाजता मला बाहेर नेलं. त्यांनी दारावर नवा कागद लावला, मला जागेवर टेकवलं, पण क्लिपा ठोकण्याआधी स्क्रूंची भोकं जुळतात का बघावं म्हणून पुठ्ठा शेजारच्या स्टुलावर ठेवला. पुठ्ठ्याकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा पुठ्ठ्याकडे.

पुठ्ठ्यावर आखूड स्क्रू वरच्या मागच्या कोपऱ्यात होता. माझ्या वरच्या मागच्या कोपऱ्यात भोकच नाही.

त्यांनी पुठ्ठा फिरवला. वरची बाजू खाली केली, आडवा केला, परत उभा केला. फिरवून तो जुळणार नव्हता. मला हे कळत होतं आणि लेकीलाही कळलं होतं, तेही पहिल्या फटक्यात. तोंडाचा साचा हातात घेतला की उजवी दाढ डावीकडे जाते, हे ती रोज बघते. ती पायरीवरून अर्धी उठली आणि परत बसली.

"इथे भोक होतं," मापकाका म्हणाले.

लेकीनं पुठ्ठ्याकडे बघितलं.

"काल प्लाय चिकटवताना मी ते बुजवलं असणार. सरस भरला असेल." त्यांनी माझ्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. तिथे रेक्झिन अखंड होतं, वीस वर्षांपूर्वी होतं तसं. अंगठ्याला ते कळायला हवं होतं. "हो, बुजवलंच. नवं पाडावं लागेल."

"बाबा, चहा ठेवू का?"

"नंतर. ड्रिल आणतो."

त्या कोपऱ्यात माझ्यामागे चार बोटांवर खिडकीची काच उतरलेली असते. ड्रिल माझ्यातून जाईल आणि काचेवर जाईल. काचेचं मला फारसं वाटलं नाही, ती कायम तोऱ्यात असते. मला मापकाकांचं वाईट वाटलं. काल दिवसभर ज्या हातांनी माझी पाठ इतकी निगुतीनं सावरली तेच हात मला भोक पाडायला निघाले होते, आणि ते हात निवांत होते, हे सगळ्यात वाईट होतं.

ते आत गेले. ड्रिल वरच्या फळीवर असतं, ते काढायला त्यांना वेळ लागतो. लेक उठली. ती पुठ्ठ्यापाशी आली आणि उभी राहिली. इथे गप्प बसली असती तर किल्ली आपोआप तिच्या हातात आली असती, दादाचंही समाधान झालं असतं. तेच शहाणपणाचं होतं असंही कुणी म्हणेल. तिनं पुठ्ठा उचलला, पालथा केला आणि घसरू नये म्हणून पायरीजवळच्या दोन विटा लावून त्यांच्या मध्ये स्टुलावर ठेवला. आता स्क्रूंची टोकं वर आली होती, आणि टोकं जिथे होती तिथेच माझी भोकं होती. मग ती पायरीवर जाऊन बसली. पॅडला हात लावायचा नाही असं ठरलं होतं. पुठ्ठ्याचं काही ठरलं नव्हतं.

मापकाका ड्रिल घेऊन आले. पुठ्ठ्यासमोर थांबले. वर आलेल्या चार टोकांकडे ते किती वेळ बघत होते ते मला सांगता येणार नाही, पण तेवढ्यात गल्लीतून दूधवाला जाऊन परत आला. त्यांनी ड्रिल खाली ठेवलं. पुठ्ठ्यातून एकेक स्क्रू काढला. मूठ मारून आठही क्लिपा, पाच जुन्या आणि तुटलेल्यांच्या जागी तीन नव्या, बसवल्या. दांडीचे दोन स्क्रू, कोपऱ्यातला आखूड, हँडलमधला लांब, वर टोपण. दार उघडलं आणि लावलं. पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं. दोन-अडीच वर्षांत पहिल्यांदा मी गप्प होतो.

"बसलं," लेक म्हणाली. "चांगलं बसलं, बाबा."

"पुठ्ठा कुणी पालथा केला?"

"वारा होता."

"चार स्क्रू टोचलेला पुठ्ठा वारा उचलत नाही. आणि उचललाच तर विटांच्या मध्ये ठेवत नाही."

लेकीनं खाली बघितलं. मी आधीच म्हटलं, तिला खोटं जमत नाही.

मापकाका पायरीवर तिच्याशेजारी बसले. रागावले असतील असं मला वाटलं, पण त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पुठ्ठा उलटा निघाला, त्याचं मला काही वाटत नाही. कारखान्यात अख्खा पंप उलटा जोडला होता एकदा, साहेब हसले होते. पण चुकताना पोटात कुठेतरी कळायचं. हात अडखळायचा. आज मी ड्रिल आणायला गेलो ना, तेव्हा माझी खात्री होती. भोक होतं आणि ते मी बुजवलं, अशी पक्की खात्री. त्या दिवशी कुंड्यांपाशीही होती."

"बाबा, पॅड बसलंय. आपलं ठरलं होतं."

"तू काल मनातल्या मनात मला पास केलं होतंस, मला दिसत होतं. पण परीक्षा तू घेत होतीस, दिली मी. आत काय झालं ते मलाच ठाऊक." त्यांनी खिशातून किल्ली काढून तिच्या ओंजळीत ठेवली. "दादाला सांग, मी दिली. तू घेतलीस असं सांगू नकोस."

लेक रडली. मापकाका रडले नाहीत, त्यांनी ड्रिल फळीवर ठेवून दिलं, पुठ्ठा मोडून कचऱ्यात टाकला आणि हात धुतले. मग म्हणाले, चल, खडखड गेली का बघून येऊ. आणि सवयीनं चालवायच्या दाराकडे चार पावलं गेले, थांबले, गाडीला वळसा घालून माझ्या बाजूला आले.

आता तीन महिने झाले. मी घट्ट आहे, पाठ कोरडी आहे, खड्ड्यातही आवाज नाही. मापकाका रोज माझ्याशेजारी बसतात, कोपर माझ्यावर टेकवतात आणि लेकीला गिअर कधी बदलायचा ते सांगतात. ती ऐकते आणि हवं ते करते. त्यांची पकड मजबूत आहे, वळणावर ते माझं हँडल धरतात, त्यामुळे एखादी क्लिप पुन्हा सैल होईल. होऊ दे.

एक गोष्ट मात्र मी इथून बघतो, ती दुसऱ्या कुणाला दिसत नाही. समोर चौक आला की मापकाकांचा उजवा पाय खालची चटई दाबतो. तिथे ब्रेक नाही, हे त्यांना ठाऊक आहे. पाय तरी दाबतो. लेकीचं लक्ष रस्त्यावर असतं, पण त्यांचा गुडघा हललेला तिला डोळ्याच्या कडेनं दिसतो, आणि ती त्याच क्षणी आपला ब्रेक दाबते. गाडी थांबते. मापकाका मागे रेलतात आणि त्यांच्या कोपराचा भार माझ्यावर हलका होतो.

म्हणून मागून येणाऱ्यांना माझी एक विनंती आहे. एखादी जुनी करडी गाडी चौकाच्या बरीच अलीकडे, काही कारण नसताना हळू झाली, तर हॉर्न वाजवू नका. अंतर ठेवून थांबा. पुढच्या गाडीत एक माणूस ब्रेक दाबतोय.